कोल्हापूर ते तिरुपती : अंतर एक, वेळा अनेक

कोल्हापूरहून तिरुपतीला जाणाऱ्या रेल्वेगाडीचं नाव हरिप्रिया एक्स्प्रेस. हरीची प्रिया, म्हणजे लक्ष्मी. नाव ठेवणाऱ्याला या दोन गावांमधलं नातं नीट ठाऊक असणार. दर नवरात्रात तिरुमलाच्या देवस्थानाकडून कोल्हापूरच्या अंबाबाईला मानाचा शालू येतो. बालाजीचं दर्शन झालं तरी करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, जाऊन आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं मानणारे भाविक आंध्रात आणि तेलंगणात पुष्कळ आहेत. देवीला विष्णुपत्नी म्हणावं की आदिशक्ती, हा कोल्हापुरातला जुना वाद आहे आणि आदिशक्ती म्हणणाऱ्यांची बाजूही भक्कम आहे. त्यात इथे शिरत नाही. माणसांची ये-जा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

हरिप्रिया मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, गदग, बळ्ळारी, गुंटकल, कडप्पा अशी फिरत फिरत सुमारे ९०० किलोमीटर कापते. दुपारच्या सुमारास बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला उतरतो. माझ्या आईने हा प्रवास तीनदा केला आहे. गेल्या वेळी गुडघ्यांनी त्रास दिला म्हणून पुढच्या खेपेला विमानाचा विचार निघाला. तिने फोनवर सरळ विचारलं, "विमान किती वेळात पोचवतं रे?" मी सांगून टाकलं, दीड-पावणेदोन तास. "म्हणजे सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला वर तिरुमलाला?" या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता येईना. पावणेदोन तासांत नेमकं काय काय धरलेलं असतं, हे तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन पाहिलं. तेच इथे मांडतो आहे.

आधी अंतर. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, साधारण १६.६६ उत्तर अक्षांश आणि ७४.२९ पूर्व रेखांशावर. तिरुपतीचा विमानतळ शहराबाहेर रेणिगुंट्याजवळ, १३.६३ उत्तर आणि ७९.५४ पूर्व. म्हणजे दक्षिणेकडे ३.०३ अंश उतरायचं आणि पूर्वेकडे ५.२५ अंश सरकायचं. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही जवळजवळ १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला अंश आपल्या या पट्ट्यात, १५ अंशांच्या आसपास, १०७ किलोमीटरवर येतो. आता गुणाकार करा. दक्षिणेकडे ३३६ किलोमीटर, पूर्वेकडे ५६२ किलोमीटर. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. शाळेत शिकलेला पायथागोरस इथे कामाला येतो: दोन्हींचे वर्ग करून बेरीज, बेरजेचं वर्गमूळ. उत्तर येतं ६५५ किलोमीटर.

पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदावरचा त्रिकोण कसा चालेल, अशी शंका येईल. ती रास्त आहे. मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान नकाशावर उत्तरेकडे वाकून गेल्यासारखं दिसतं ते याच गोलाईमुळे. खरं सर्वांत जवळचं अंतर गोलावरच्या महावर्तुळावर मोजावं लागतं. पण साडेसहाशे किलोमीटरच्या टप्प्यात गोलाई फारशी जाणवत नाही. महावर्तुळाचं सूत्र वापरलं तरी आकडा दोन-तीन किलोमीटरनेच हलतो. वैमानिक हेच अंतर नॉटिकल मैलांत सांगतात आणि तो हिशेब आणखी सुंदर आहे. पृथ्वीच्या मध्यातून पाहिलं तर या दोन विमानतळांमधला कोन ५.९ अंशांचा. एका अंशाची ६० मिनिटं, म्हणजे ३५४ मिनिटं. कोनाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणून अंतर ३५४ नॉटिकल मैल. समुद्रातल्या गलबतांसाठी ठरलेलं हे माप विमानांनी जसंच्या तसं उचललं.

आता नकाशावर पट्टी ठेवून कोल्हापूर ते तिरुपती रेघ मारा. मी मारली आणि बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसलो. ती कर्नाटकात शिरून चालुक्यांच्या बदामीला जवळजवळ स्पर्श करते. पुढे हंपी तिच्यापासून सात-आठ किलोमीटरवर राहते, तुंगभद्रेचं मोठं धरण उजव्या हाताला. बरोबर मध्यावर कुठलं गाव येतं म्हणाल, तर बळ्ळारी. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढली की बळ्ळारी शहरच हाती लागतं. मग अनंतपूरच्या अंगाला चाटून रेघ शेषाचलमच्या डोंगरांकडे उतरते. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने तिरुमलाला वारंवार जाऊन अपार दानं दिली. त्याच्या आणि त्याच्या दोन राण्यांच्या हात जोडलेल्या मूर्ती मंदिरात आजही उभ्या आहेत. हंपीहून तो ज्या दिशेने निघत असेल, त्याच दिशेने ही रेघ जाते. रेल्वेलाही बळ्ळारी लागतंच, पण तिथवर पोचायला ती आधी मिरजेला जाते, मग दक्षिणेला लोंढ्यापर्यंत उतरते आणि तिथून पूर्वेला वळते. ९०० आणि ६५५ यांतला फरक प्रामुख्याने त्या वळणांचा आहे.

या रेघेवरून विमान मात्र तंतोतंत जात नाही. त्याला पहिलं वळण धावपट्टीच देते. धावपट्टीच्या टोकाला मोठे पांढरे आकडे रंगवलेले असतात. कोल्हापूरला ते ०७ आणि २५ आहेत, म्हणजे होकायंत्रावरचे सुमारे ७० आणि २५० अंश. तिरुपतीची दिशा १२० अंशांच्या आसपास. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, कारण समोरून येणारी हवा पंखांना आयती उचल देते. पावसाळ्यात कोल्हापुरात वारा पश्चिमेचा. तेव्हा तिरुपतीला निघालेलं विमान तिरुपतीकडे पाठ करून सह्याद्रीच्या दिशेने धावतं, हवेत चढतं आणि मग वळण घेऊन परत आग्नेयेला येतं. तिकडे रेणिगुंट्याची धावपट्टीही साधारण पूर्व-पश्चिमच आहे. तिथेही वारा पश्चिमेचा असेल तर विमानाला विमानतळ ओलांडून पूर्वेला जावं लागतं आणि उलटं फिरून उतरावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ईशान्य मोसमी वारा सुरू झाल्यावर, पश्चिमेकडून सरळ उतरण्याची सोय होते. दोन्ही टोकांची ही वळणं धरली तर ऋतूप्रमाणे पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे होतात. शिवाय डोंगर, हवाई नियंत्रकाने दिलेला मार्ग, समोर वाढलेले ढग ही कारणं आहेतच. तिरुमलाच्या मंदिरावरून विमानं जाऊ नयेत, अशी मागणीही देवस्थानाने केंद्र सरकारकडे वेळोवेळी केली आहे.

वाऱ्याचं दुसरं काम वरच्या हवेतलं. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नव्हे. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानाला मागून ४० किलोमीटरचा वारा मिळाला तर जमिनीवरचा वेग ५४०, तोच वारा समोरून आला तर ४६०. ६५५ किलोमीटरला पहिल्या वेळी ७३ मिनिटं, दुसऱ्या वेळी ८५. जाताना आणि येताना वेळ वेगळी छापलेली दिसते, त्याचं एक कारण हे. आपल्या या पट्ट्यात तर एक विलक्षण गोष्ट घडते. पावसाळ्यात खालच्या थरांत वारा पश्चिमेकडून येतो, पण १२ ते १६ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा जोरदार प्रवाह दक्षिण भारतावरून वाहत असतो. त्याचा अभ्यास जगापुढे मांडणारे पी. कोटेश्वरम् हे भारतीय हवामानशास्त्रज्ञ. त्यांचा त्यावरचा निबंध १९५८ सालचा. त्यामुळे जुलैतल्या एकाच दिवशी तिरुपतीकडे निघालेल्या, कमी उंचीवरून जाणाऱ्या पंख्याच्या विमानाला वारा मागून ढकलत असू शकतो आणि दहा-अकरा किलोमीटरवरच्या जेटला वरचा पूर्वेचा वारा समोरून अडवत असू शकतो.

विमान कोणतं, हे धावपट्टीवर बरंच अवलंबून असतं. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. त्याची धावपट्टी पुष्कळ वर्षं १३७० मीटरच होती, नंतर ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. एअरबससारख्या मोठ्या विमानाला भरल्या वजनाने उडायला दोन किलोमीटरच्या वर पट्टी लागते. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि धाव लांबते. म्हणून इथे एटीआर ७२ जातीची, दोन पंख्यांची विमानं सोयीची पडली. २०१९ मध्ये इंडिगोने कोल्हापूर-तिरुपती सेवा सुरू केली तीही एटीआरनेच. या विमानात मागच्या दाराने चढायचं, सामानाचा कप्पा पुढे, पंख खिडक्यांच्या वर. पंख वर असल्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते. तुंगभद्रेचं पाणी पाहायचं असेल तर जाताना उजवीकडची खिडकी मागून घ्या.

आता वेळेची बेरीज करू. एटीआरला चढायला साधारण १६ मिनिटं लागतात आणि चढताना वेग कमी असल्यामुळे तेवढ्यात ९० किलोमीटरच कापले जातात. उतरायलाही १६ मिनिटं, त्यात १०५ किलोमीटर. मधले ४६० किलोमीटर ताशी ५०० च्या वेगाने ५५ मिनिटांत. ही झाली ८७ मिनिटं. त्यात दोन्ही टोकांना जमिनीवर चालण्याची पाच-पाच मिनिटं आणि वळणांची पाच. एकूण १०२, म्हणजे पावणेदोन तासांना थोडीच कमी. बऱ्याच लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर रस्ता नसतो. विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जातं, तिथे जागेवर वळतं आणि मग धाव घेतं. ती मिनिटंही यातच आली.

हाच मार्ग जेटने केला तर? स्टार एअरसारखी कंपनी एम्ब्राएर जातीची छोटी जेट विमानं वापरते. त्यांचा वेग ताशी ८०० किलोमीटर, एटीआरच्या दीडपटीहून अधिक. वेळ मात्र दीडपटीने कमी होत नाही. चढण्यात आणि उतरण्यात मिळून ३८ मिनिटं आणि ३६० किलोमीटर जातात, पूर्ण वेगाने उडायला उरतात जेमतेम २९५ किलोमीटर, म्हणजे २२ मिनिटं. जमिनीवरची आणि वळणांची १५ धरून ७५ मिनिटं. वाचली फक्त २७. छोट्या टप्प्यावर वेगवान विमानाला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नाही. म्हणून मुंबई-दिल्लीच्या अनुभवावरून कोल्हापूर-तिरुपतीचा अंदाज बांधला की तो चुकतो.

तिकिटावर छापलेली वेळ या सगळ्याहून आणखी वेगळी. ती धरतात चाकांचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या गावी चाकांना पुन्हा ठोकळे लावेपर्यंत. इंग्रजीतल्या ठोकळ्यावरूनच तिला ब्लॉक टाइम म्हणतात. कंपन्या त्यात थोडी सैल जागाही ठेवतात, कारण ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत झालेलं उड्डाण वेळेवर धरलं जातं आणि ती टक्केवारी दर महिन्याला जाहीर होते. छापील वेळेआधी दहा मिनिटं पोचलात तर विमानाने वेग वाढवला असं समजू नका. ती शिल्लक आधीच वेळापत्रकात ठेवलेली होती.

एक वेळ मात्र कुठल्याच तिकिटावर नसते. कोल्हापूर आणि तिरुपती यांच्या रेखांशांत ५.२५ अंशांचा फरक आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. घड्याळ दोन्हीकडे एकच, तरी तिरुपतीच्या डोक्यावर सूर्य २१ मिनिटं आधी येतो. संध्याकाळच्या विमानाने निघालात तर अंधार जरा लवकर पडल्यासारखा वाटेल तो यामुळे.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीला अर्धा तास. सामान जमा करण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोचायचं. विमानाचे पावणेदोन तास. सामान हाती येईपर्यंत अर्धा तास. रेणिगुंट्याहून तिरुपती शहर १५ किलोमीटर आणि तिथून तिरुमलाचा घाट. या घाटात ठरलेल्या मिनिटांपेक्षा लवकर वर पोचलेल्या गाडीला दंड होतो, तेव्हा घाई करून उपयोग नाही. हा टप्पा दीड तासाचा धरा. एकूण पावणेसहा तास. त्यात विमान प्रत्यक्ष हवेत असतं जेमतेम दीड तास. म्हणजे सकाळी आठचं विमान असेल तर सहाला घर सोडायचं आणि पावणेबाराला वर. जेवणाला पोचता येतं, आईचा अंदाज खरा ठरतो, पण विमान सकाळचं असेल तरच.

आणि विमान त्या दिवशी असेल तरच. लहान विमानतळांची खरी गोष्ट इथे सुरू होते. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्राच्या उडान योजनेतली पहिली विमानं निघाली. शिमला-दिल्लीबरोबर त्या दिवशी आपलं नांदेड-हैदराबादही होतं. सुमारे ५०० किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये, असा दर काही जागांपुरता बांधून दिला होता आणि कंपनीची तूट सरकारी मदतीतून भरून निघायची. योजनेचा हेतू चांगला होता आणि तिने कोल्हापूरला पुन्हा हवाई नकाशावर आणलं, हे मान्य केलं पाहिजे. पण मदत ठरावीक वर्षांपुरती असते. ती संपली, प्रवासी पुरेसे मिळाले नाहीत, विमान दुसऱ्या मार्गावर लागलं की सेवा थांबते. तिरुपतीच्या विमानातही असे खंड पडलेले कोल्हापूरकरांनी पाहिले आहेत. थेट विमान नसेल तर हैदराबादवरून जावं लागतं. ४४५ अधिक ४२०, म्हणजे ८६५ किलोमीटर, जवळपास रेल्वेइतकंच अंतर आणि मधला थांबा वेगळा.

माझ्या आत्याला एकदा असंच झालं. गाव दुसरं, मार्ग दुसरा. आठवड्यातून तीन दिवस असणारं विमान आदल्या रात्री रद्द झाल्याचा संदेश आला. पैसे परत मिळाले, पण पुढचं विमान दोन दिवसांनी होतं. तासाभराच्या प्रवासाला तिला ४९ तास लागले असते. शेवटी ती रात्रीच्या बसने गेली. मोठ्या शहरांमध्ये एक विमान चुकलं तर दोन तासांनी दुसरं मिळतं. छोट्या गावांमध्ये प्रवासाचा वेळ मिनिटांवर ठरत नाही, आठवड्याच्या वारांवर ठरतो. विमानतळाच्या नव्या इमारती पाहून आनंद होतोच. कोल्हापूरच्या नव्या इमारतीचं उद्घाटन २०२४ च्या मार्चमध्ये झालं आणि ती देखणी आहे. पण मला विचाराल तर लोकप्रतिनिधींकडे मागायची पहिली गोष्ट म्हणजे रोजचं विमान, ठरल्या वेळेचं, वर्षभर न तुटणारं.

तोवर तिकीट काढताना एवढं बघा: विमान आठवड्यातून किती दिवस आहे, तुमच्या दर्शनाच्या तिकिटाची वेळ त्याच दिवशी दुपारी उशिराची तरी आहे का, आणि विमान रद्द झालं तर दुसऱ्या वाटेने पोचायला हाताशी एक दिवस शिल्लक आहे का. वयस्क माणूस बरोबर असेल तर चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. लहान विमानात शिडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आईसाठी आम्ही जाण्याचं विमान पाहतो आहोत. परतीचं आरक्षण मात्र हरिप्रियाचं केलं आहे, खालच्या बर्थचं. ती गाडी रोज सुटते.